शिष्यवृत्तीचा पैसा येतो कुठून?

फेब्रुवारी-मार्च आला की कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमधल्या मराठी घरांत लातूर, सांगली, अकोल्याहून फोन सुरू होतात. मुलाला किंवा मुलीला इथल्या विद्यापीठाचं पत्र आलेलं असतं. पहिलाच प्रश्न ठरलेला: ‘काका, तीस टक्के स्कॉलरशिप मिळालीय, पाठवावं का?’ विचारणाऱ्याचा आवाज आनंदाने भरलेला असतो, त्यामुळे उत्तर देताना जीव कासावीस होतो. कारण ‘किती टक्के’ हा प्रश्न अमेरिकेतही फसवा आहे आणि कॅनडात तर फारच. रक्कम किती, किती वर्षं मिळणार, देतंय कोण आणि फी भरून झाल्यावर महिन्याला हातात काय उरणार, हे चार प्रश्न विचारले की चित्र पालटतं. या लेखात विनिपेगपुरती त्यांची उत्तरं शोधली आहेत. शेजारची अमेरिका आणि महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या ओघाने येतीलच. (रक्कम डॉलरमध्ये आली आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर कॅनेडियन डॉलर समजावा. सध्या तो साठ-पासष्ट रुपयांच्या आसपास आहे.)

आधी कटू भाग. बारावीनंतर थेट पदवीसाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला विनिपेगमध्ये जवळजवळ पूर्ण खर्च भागवणारी शिष्यवृत्ती मिळत नाही. मॅनिटोबा विद्यापीठ १८७७ सालचं, पश्चिम कॅनडातलं पहिलं विद्यापीठ. तिथे परदेशी विद्यार्थ्याची पदवीची फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे जाते. प्रवेशाच्या वेळी गुणांवर मिळणारी रक्कम काही हजारांच्या पुढे फारशी जात नाही. शहराच्या मध्यभागातल्या विनिपेग विद्यापीठाची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सर्वात नावाजलेली शिष्यवृत्ती म्हणजे ‘प्रेसिडेंट्स स्कॉलरशिप फॉर वर्ल्ड लीडर्स’. पदवीच्या विद्यार्थ्याला ती पाच हजार डॉलर देते, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. सन्मान मोठा आहे, पण पहिल्या वर्षाच्या फीचा त्याने एक कोपरा भरतो. उरलेली तीन वर्षं बापाच्या खिशातून जातात, नाहीतर कर्जातून.

कॅनडात अपवाद आहेत, पण ते दुसरीकडे आहेत. टोरांटो विद्यापीठाची लेस्टर पिअर्सन शिष्यवृत्ती चार वर्षांची फी, पुस्तकं आणि राहणं-जेवण, सगळं उचलते. मात्र तिच्यासाठी शाळेने आपल्या विद्यार्थ्याचं नाव सुचवावं लागतं आणि जगभरातून वर्षाला चाळीसच्या आतच मुलं निवडली जातात. आपल्याकडे ही वाट मुंबई-पुण्याच्या मोजक्या शाळांना ठाऊक असते. जिल्ह्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाला असं काही असतं हेच माहीत नसतं, आणि तिथेच खरी हुशार, खरी गरजू मुलं असतात. याची मला मनापासून चीड येते.

मग तीस टक्के कुठून येतात? कित्येकदा ती नुसती सवलत असते: आधी फी चढी सांगायची, मग पत्रावर ‘स्कॉलरशिप’ लिहून थोडी कमी करायची. एजंटांना त्यातून कमिशन मिळतं, संस्थेला विद्यार्थी मिळतो आणि गावात पेढे वाटले जातात. हा पैसा कुणी दिलेला नसतो, तो फक्त कमी मागितलेला असतो.

खरा पैसा संशोधनात आहे. प्रबंध लिहून होणारी मास्टर्स आणि पीएचडी या दोनच ठिकाणी विनिपेग परदेशी विद्यार्थ्याला मोकळ्या हाताने देतं. बरेच विभाग मार्गदर्शक प्राध्यापकाने होकार दिल्याशिवाय प्रवेशच देत नाहीत, आणि होकार देणारा प्राध्यापक सहसा स्टायपेंडची जबाबदारीही घेतो. उलट, नुसते तास पूर्ण करून मिळणारी मास्टर्स (एम.इंजि., एमबीए किंवा तत्सम व्यावसायिक पदव्या) बहुतेक स्वखर्चाची असते. दोन्हींच्या नावात मास्टर्स आहे, दोन्हींचा व्हिसा एकच, आणि आर्थिकदृष्ट्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. फोनवर मी सर्वात आधी हेच विचारतो: प्रबंध आहे की नाही? पलीकडे शांतता पसरते. पत्र दहादा वाचलेलं असतं, पण ही ओळ कुणी वाचलेली नसते.

प्राध्यापकाकडे हा पैसा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. एक भाग कॅनडाच्या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदांकडून येतो. विज्ञान-अभियांत्रिकीत त्याचं नाव ‘डिस्कव्हरी ग्रँट’, सहसा पाच वर्षांचं. ‘गेट्स’ नावाच्या योजनेखाली मॅनिटोबा विद्यापीठ अशा अनुदानातून दिल्या जाणाऱ्या स्टायपेंडमध्ये आपलीही भर घालतं. शिवाय विद्यापीठाची स्वतःची ग्रॅज्युएट फेलोशिप आहे, ती परदेशी विद्यार्थ्यालाही खुली आहे. पण मॅनिटोबाचं वैशिष्ट्य वेगळं आहे. इथे शेतकरीही पैसा देतात. गहू, कॅनोला, सोयाबीन विकलं की ठरलेली वर्गणी कापली जाते आणि ती शेतकऱ्यांच्याच संघटनांकडे जाते. मॅनिटोबा क्रॉप अलायन्स, मॅनिटोबा पल्स अँड सोयाबीन ग्रोअर्स, वेस्टर्न ग्रेन्स रिसर्च फाउंडेशन ही अशी नावं. त्यातून बियाण्यावर, रोगांवर, मातीवर संशोधन होतं, आणि ते संशोधन प्रत्यक्ष हाताने करणारा म्हणजे प्रयोगशाळेतला मास्टर्सचा किंवा पीएचडीचा विद्यार्थी. म्हणजे लातूरच्या सोयाबीन शेतकऱ्याच्या मुलाचा इथला स्टायपेंड इथल्या कार्मन गावाजवळच्या एखाद्या सोयाबीन शेतकऱ्याच्या वर्गणीतून निघू शकतो. यात भीक नाही, उपकार नाहीत. काम आहे आणि कामाचे पैसे आहेत.

या व्यवस्थेने काय साधलं तेही पाहावं. मोहरीच्या जातीतल्या रेपसीडमधलं नको असलेलं आम्ल आणि कडवटपणा कमी करून ज्या तेलबियेला पुढे कॅनोला नाव मिळालं, तिच्या पैदाशीत मॅनिटोबा विद्यापीठाच्या बाल्डर स्टेफान्सन यांचा मोठा वाटा आहे. ‘टॉवर’ हे त्यांचं वाण १९७४ सालचं. आपल्या दृष्टीने अधिक जवळचं उदाहरण दिग्वीर जयस यांचं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातून ते इथे मास्टर्सला आले आणि पुढे इथेच धान्य साठवणुकीच्या संशोधनाचा मोठा गट उभा केला. लोखंडी कोठारात साठलेल्या गव्हात ओल कशी फिरते, कीड कुठे आधी वाढते, यंत्राच्या नजरेला दाण्यातला दोष दिसेल का, अशा प्रश्नांवर त्यांच्या हाताखाली भारतातून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी काम केलं. पुढे ते विद्यापीठाचे संशोधन उपाध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये लेथब्रिज विद्यापीठाचे अध्यक्ष. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी हा रस्ता समोर असताना ती मुलं एजंटाच्या सल्ल्याने ‘सप्लाय चेन’चा डिप्लोमा करायला येतात, तेव्हा वाईट वाटतं.

आता पत्र प्रत्यक्ष वाचू. समजा, प्राध्यापकाने वर्षाला २४,००० डॉलर देऊ केले. गावाकडे ही बातमी ‘पंधरा लाखांची स्कॉलरशिप’ म्हणून पोहोचते. पण कॅनडाची पद्धत अशी की स्टायपेंड हातात देतात आणि फी त्यातूनच भरायची असते. फी आणि इतर शुल्क नऊ हजार धरू, आरोग्यविमा हजार. राहिले १४,०००, म्हणजे महिन्याला साडेअकराशेच्या थोडे वर. पेम्बिना हायवेच्या बाजूला दोघा-तिघांत वाटून घेतलेल्या घरातल्या खोलीचं भाडं, किराणा, फोन आणि पहिल्याच वर्षी जाड पार्का व बूट यांत ते जवळजवळ संपतात. जानेवारीत इथे उणे तीसच्या खाली जातं. बुटांत काटकसर करून चालत नाही. तरीही हिशेब जुळतो, कर्ज न काढता जुळतो, आणि हे लहान यश नाही. फक्त घरी पाठवायला उरेल या आशेवर कुणी येऊ नये.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली की बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि स्टायपेंड वेगळा देतात. म्हणून कॅनडाचा आकडा आणि अमेरिकेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे, आधी फी वजा करावी. करातही फरक पडतो. कॅनडात पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीवर आयकर लागत नाही, टीचिंग असिस्टंटच्या पगारावर मात्र लागतो. अमेरिकेत फी सोडून मिळणारा स्टायपेंड करपात्र असतो, पण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या नागरिकासारखी प्रमाणित वजावट घेता येते. ही सवलत कित्येकांना माहीतच नसते आणि ते दर वर्षी जादा कर भरून मोकळे होतात.

टीचिंग असिस्टंटचं काम विनिपेगमध्येही मिळतं. वह्या तपासणं, प्रयोगाच्या तासाला उभं राहणं, परीक्षेला देखरेख असं काम असतं. मॅनिटोबा विद्यापीठात या कामगारांची संघटना आहे, तिने ठरवून घेतलेले तासाचे दर आहेत. कॅम्पसवरच्या कामाला सरकारी तासांची मर्यादा नाही. कॅम्पसबाहेर सत्राच्या काळात आठवड्याला चोवीस तासांपेक्षा जास्त करता येत नाही. पहिल्या वर्षी मुलं हे काम टाळतात, इंग्रजीची भीती असते म्हणून. टाळू नये. पैशापेक्षा मोठा फायदा असा की विभागातले लोक चेहऱ्याने ओळखू लागतात.

आरोग्यविम्याचा वर उल्लेख केला, त्यामागे इथल्या राजकारणाची गोष्ट आहे. २०१२ मध्ये प्रांतातल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या (एनडीपी) सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्यसेवेत घेतलं. २०१८ मध्ये नंतरच्या सरकारने ती सोय काढून घेतली आणि वर्षाला सुमारे हजार डॉलरचा खासगी विमा विद्यार्थ्याच्या माथी आला. त्याच सरकारने आणखी एक गोष्ट बंद केली, जिची आठवण जुने विद्यार्थी अजून काढतात. २००७ पासून असा नियम होता की शिकून मॅनिटोबातच राहिलात, कामाला लागलात तर भरलेल्या फीचा साठ टक्के भाग, कमाल २५,००० डॉलर, आयकरातून परत मिळे. विद्यार्थी मूळचा कुठला हे पाहिलं जात नसे. कित्येक मराठी कुटुंबांचं इथलं पहिलं घर या परताव्याच्या आधाराने झालं. या योजनेच्या नावात शिष्यवृत्ती नव्हती, पण माझ्या मते मॅनिटोबाने परदेशी विद्यार्थ्याला दिलेली ती सर्वात शहाणी शिष्यवृत्ती होती.

कॅनडात राष्ट्रीय पातळीवर २००८ पासून पीएचडीसाठी व्हॅनियर शिष्यवृत्ती होती. वर्षाला ५०,००० डॉलर, तीन वर्षं, परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली. आता ती नव्या एकत्रित शिष्यवृत्तीत विलीन झाली आहे. त्यात रक्कम ४०,००० आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांना मर्यादित वाटा आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने जगभरातून संशोधक आणण्यासाठी १७० कोटी डॉलर जाहीर केले. त्यात पीएचडी आणि पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठीही तरतूद आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये संशोधन अनुदानांना कात्री लागली, पीएचडीच्या जागा कमी झाल्या, मे-जूनमध्ये व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. तिकडून वळणारे विद्यार्थी इकडे यावेत, हा यामागचा हिशेब उघड आहे.

भारतातून येण्याची सर्वात चांगली आणि सर्वात कमी माहितीची वाट माझ्या मते मायटॅक्स या कॅनेडियन संस्थेची आहे. ‘ग्लोबलिंक’ या योजनेत तिसऱ्या वर्षाचा पदवीचा विद्यार्थी उन्हाळ्यात बारा आठवडे कॅनडातल्या प्राध्यापकाकडे संशोधन करतो, खर्च योजनेचा. त्यातून आलेला विद्यार्थी पुढे मास्टर्स-पीएचडीला परतला तर त्याला वेगळी फेलोशिप मिळू शकते. पीएचडीच्या काळात मायटॅक्सचीच उद्योगातली इंटर्नशिप मॅनिटोबात केली, तर प्रांताच्या कायम निवासाच्या योजनेत तिचा स्वतंत्र मार्ग आहे. म्हणजे पैसा, अनुभव आणि पुढचा व्हिसा एका धाग्यात. संशोधकांच्या देवाणघेवाणीसाठी १९६८ साली लालबहादूर शास्त्रींच्या नावाने स्थापन झालेली शास्त्री इंडो-कॅनेडियन संस्थाही आहे, पण तिचा उपयोग सामान्य पदवीधरापेक्षा प्राध्यापकांना आणि संशोधकांना अधिक.

मराठी माणसाला परदेश शिष्यवृत्ती नवी नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर संस्थानाची नोकरी करण्याच्या अटीवर. मुदत संपली तसं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज यांवर. त्याआधी १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी एन्डाउमेंट सुरू केली, तिच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. टाटांची रक्कम आजही कर्ज म्हणून मिळते, फेडावी लागते. १९५६ पासूनची के. सी. महिंद्र शिष्यवृत्ती हेही कर्जच, पण बिनव्याजी. दोन्ही चांगल्या आहेत, पण कर्जाला कर्ज म्हणूनच घरात सांगावं.

आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वर्षाला ७५ जागा देते. पूर्ण फी, विमानभाडं आणि अमेरिका-कॅनडासारख्या देशांत राहण्यासाठी वर्षाला १५,४०० अमेरिकी डॉलर. राज्याच्या ‘सारथी’ संस्थेतर्फे मराठा-कुणबी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ७५ जागांची योजना आहे, तिला सयाजीरावांचंच नाव आहे. इतर मागासवर्गीय, आदिवासी, अल्पसंख्याक यांच्याही योजना आहेत. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, १२५ जागांची. मात्र २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. ज्याने नोकरी सोडून तयारी केली, त्याने त्या पत्राची वाट कशी पाहायची?

आणि इथे विनिपेगचा प्रश्न पुन्हा येतो. या सगळ्या योजनांत विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. राज्याच्या योजनांत ती मर्यादा दोनशे-तीनशेची, केंद्रात पाचशेची. मॅनिटोबा विद्यापीठ पाचशेच्याही बाहेर आहे. विनिपेग विद्यापीठाचा तर विचारच नको. म्हणजे धान्य साठवणूक, तेलबिया किंवा गव्हावरचा तांबेरा या विषयांत जिथे जगातलं उत्तम काम चालतं, तिथे जाणाऱ्या परभणीच्या मुलीला सरकारी शिष्यवृत्ती मिळणार नाही. पण न्यूयॉर्क-लंडनमधल्या एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठात तीच मुलगी व्यवस्थापनाची एक वर्षाची महागडी पदवी घेत असेल तर मिळेल. संपूर्ण विद्यापीठाच्या क्रमवारीत वैद्यकीय शाखा, नोबेल विजेते, नावाचा दबदबा असं सगळं मिसळलेलं असतं. विद्यार्थ्याला हवा असतो एक विभाग आणि एक चांगला मार्गदर्शक.

नियमांत अलीकडे झालेला एक बदल संशोधनाच्या बाजूचा आहे. जानेवारी २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर संख्येची मर्यादा घातली आणि प्रांताचं पत्र सक्तीचं केलं. २०२५ मध्ये मास्टर्स-पीएचडीलाही ती लागू झाली. त्याच काळात फीशिवाय बँकेत दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. भारतीय विद्यार्थ्यांना सोयीची झटपट व्हिसाची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पण १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना त्या संख्येच्या मर्यादेतून वगळण्यात आलं आहे. किमान सोळा महिन्यांच्या मास्टर्सच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला कामाचा परवाना मिळू शकतो. डिप्लोमावाल्यांना ही दारं हळूहळू बंद होत आहेत.

इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. मॅनिटोबाच्या रहिवाशांना मिनेसोटाच्या सरकारी विद्यापीठांत करारानुसार स्थानिक दरासारखी फी लागू होते. सीमा गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. अमेरिकन विद्यापीठ हवंच असेल तर इथल्या मुलासाठी कोणत्याही शिष्यवृत्तीइतकीच ही सवलत मोलाची आहे.

महाराष्ट्र सरकारकडे मागणं एवढंच की परदेश शिष्यवृत्तीच्या अटींत विद्यापीठाच्या क्रमांकासोबत विषयवार क्रमवारीही धरावी. शिवाय ज्या विद्यार्थ्याला परदेशी प्राध्यापकाने लेखी स्टायपेंड देऊ केला आहे, त्याला फक्त उरलेली फी आणि विमानभाडं द्यावं. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला वर्षाला नऊ-दहा हजार कॅनेडियन डॉलर पुरतील. आज एका विद्यार्थ्याची अमेरिकेतली पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च उचलण्यासाठी जितका पैसा लागतो, तितक्यात असे चार-पाच संशोधक विद्यार्थी शिकून येतील.